अधिकाखालचं टिंब

६ मे, सोमवार

आजपासून माझ्यावर दोन पहारेकरी! एक प्लॅस्टिकचं कार्ड, आणि दुसरं किसुमूच्या प्रयोगशाळेतलं मशीन, जे मी अजून डोळ्यांनी पाहिलेलंही नाही.

ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं बोट एकदाच टोचायचं. पहिला थेंब कार्डावर. दुसरा माझ्या काचेवर. तिसरा टीपकागदावर, तो वाळवून गुरुवारी किसुमूला. कार्ड पंधरा मिनिटांत रेघ दाखवतं. मला काच रंगवून, वाळवून, बघून सांगायला तास लागतो. मशीनला तीन आठवडे! आणि तरी तिघांत खरं कोण बोलतं ते मशीन ठरवणार. ते म्हणे रक्तातल्या मलेरियाच्या किड्याचं बीजच ओळखतं, एखाददुसरा असला तरी.

सांगायला आलेली मुलगी नेकेसा. अठ्ठावीसची असेल. पायात धावायचे बूट, हातात थंड पेटी. बोलायला गोड. ‘डॉर्काआई, यात तुमची परीक्षा नाहीये हं. आम्ही फक्त पद्धतींची तुलना करतोय.’

पद्धत म्हणजे कोण ग बाई? मायक्रोस्कोप काय आपणहून बघतो? तीस वर्षं या केंद्रात त्या नळीला डोळा लावून मीच बसलेय.

डॉक्टर ओकेलोंनी नंतर स्पष्टच सांगितलं. कार्ड जिंकलं तर मायक्रोस्कोप कोठीत जाणार. ‘आणि तुम्ही, न्यार अलेगो, टोचायला आणि रेघा मोजायला.’ हसून म्हणाले. इथे सगळे मला न्यार अलेगोच म्हणतात, माहेरच्या गावची लेक. लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली तरी मी पाहुणीच!

७ मे, मंगळवार

चौदा काचा. मलेरियाचे माझे नऊ, कार्डाचे पाच. ओकेलो खूश — ‘तुमचा डोळा कार्डाला भारी आहे!’

मी पुढची काच उचलली.

९ मे, गुरुवार

एक म्हातारा आला होता, डोंगरापलीकडून, दोन तास चालत. अंगात फणफण. कार्डावर एकच रेघ, म्हणजे मलेरिया नाही. ते ऐकून इतका भडकला! ‘हे काय आहे, लॉटरीचं तिकीट? परत जा म्हणे! मी माझा ताप घरी ठेवून आलोय का?’ बाकावरची सगळी माणसं हसली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘लेकी, तू नीट बघ. तू बघशील.’

बघितलं. वीस-पंचवीस फील्ड बघितली, म्हणजे काच सरकवत नळीतून दिसणारी तेवढी वर्तुळं. काही नव्हतं. तरी एक अधिक लिहिलं, म्हणजे मलेरिया आहे.

आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. या वहीला कोण विचारतंय.

ओम्बोगोबाबांनी मला हे काम शिकवलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. काच कशी धरायची, जाड थेंब कसा पसरायचा, रंग किती वेळ ठेवायचा. निळी अंगठी, तिच्यावर तांबडा खडा, तो मलेरियाचा किडा. तो नाही असं म्हणायच्या आधी शंभर फील्ड बघायची. हेही त्यांनीच शिकवलं. आणि मग एके दिवशी, मी रिकामी काच जाहीर करायला निघाले तेव्हा मनगट धरून म्हणाले, ‘तुझ्या घरी कोणी आलं तर उगाली न खिलवता पाठवतेस?’ मी म्हटलं, छे! ‘मग इथे का पाठवतेस? माणूस दिवसभर बाकावर बसलाय. गोळी तर डॉक्टर देणारच आहे. एक अधिक लिही. रिकाम्या हाताने कोणाला धाडू नये.’

आणि मग ते टिंब. खऱ्या किड्याला नुसती अधिकाची खूण. दिलेल्या अधिकाखाली बारीकसं टिंब. बाबा म्हणायचे, ‘अधिक लोकांसाठी. टिंब आपल्यासाठी. जगाशी खोटं बोललीस तर चालेल, स्वतःच्या रजिस्टराशी बोलू नकोस.’

म्हाताऱ्याच्या अधिकाखाली टिंब दिलं. तो दोन्ही हातांनी माझा हात दाबून गेला. नेकेसाच्या छापील कागदावर मात्र नुसतंच अधिक. तिथे टिंबाला रकाना नाही!

११ मे, शनिवार

नफ्तालीला जाऊन चौदा वर्षं झाली. सकाळी अंगणात त्याच्या कबरीवरचं गवत उपटलं. उपटताना त्याला दोन गोष्टी ऐकवल्या. छप्पर गळतंय. धाकटा तुझ्यावर गेलाय, जाळं टाकतो दोन वेळा आणि गप्पा मारतो दहा वेळा.

कसला धडधाकट माणूस होता! सरोवरात वारा सुटला की बाकीचे नावा ओढून घ्यायचे, हा तेव्हा निघायचा. मी ओरडायचे. म्हणायचा, ‘मासे काय तुला विचारून पोहतात?’ आणि पाण्याने नाही, एवढ्याशा डासाने नेला. चार दिवसांत. सलाइनमधून क्विनाइन चालू होतं तरी. शेवटी शेवटी मान वळवता येईना. उजेड नको म्हणायचा, कंदील बाहेर न्या, कंदील बाहेर न्या. मेंदूत चढलेला मलेरिया. मी येईल त्याला हेच सांगत होते.

आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही, हा बाबांचाच नियम. त्यांनीच वाचली. मी दारात उभी होते.

तेव्हा काचांचा तुटवडा. महिन्याच्या शेवटी सगळ्या साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायच्या. त्याला पुरल्यावर आठवड्याने मी केंद्रात गेले आणि टबात जायच्या आधी त्याची काच उचलून आणली. बाबा म्हणाले होते, ‘ठेवून काय करणार, पोरी? धुऊन टाकू दे.’ दिली नाही. चहाच्या डब्यात रुमालात गुंडाळून आहे. बघितली मात्र कधी नाही. काय बघायचं? त्यातला वैरी मी रोज बघतेय. बाकीच्यांना हे पोटाचं काम असेल. मला तो सूड आहे.

१६ मे, गुरुवार

नेकेसा टीपकागद न्यायला आली. माझे कागद चाळता चाळता थांबली. ‘आई, तुम्ही शंभर फील्ड बघता ना?’

माझं डोकं सणकलं. ‘तू रांगत होतीस तेव्हापासून बघतेय!’

‘तसं नाही आई…’

‘कसं नाही? त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला विचारते का तू, की बाबा रे, नीट बघितलंस ना?’

 बिचारीने मांदाझी, तळलेले गोड वडे, आणले होते ते टेबलावर ठेवून गेली. मी ते ओकेलोंना देऊन टाकले.

१७ मे, शुक्रवार

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर तोंड कडू.

२४ मे, शुक्रवार

तीन आठवडे म्हणता म्हणता अडीचमध्येच आला पहिला निकाल. नेकेसाने दार लावून घेतलं, तेव्हाच कळलं.

पहिल्या एकशे अठरा माणसांत मलेरिया सांगितला तो असा — मशीनने सत्तेचाळीस. कार्डाने चव्वेचाळीस. माझ्याच काचा किसुमूत ज्याने पुन्हा वाचल्या त्याने पंचेचाळीस. आणि मी? एकाहत्तर!

ती मान खाली घालून म्हणाली, ‘जुन्या काचा असतील आई. ओरखडे असतात, रंगाचे डाग बसतात. ते कधी कधी किड्यासारखे दिसतात.’

पळवाट दिली पोरीने मला. हातात आणून दिली! आणि मी, डॉर्का अपोंडी, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी — मी घेतली. म्हटलं, ‘हो ग, काचा फार खराब आहेत.’

वरून हुकूम आला आहे. यापुढे या केंद्रात औषध कार्डावरच द्यायचं. काचेचा निकाल फक्त कागदावर राहील.

२७ मे, सोमवार

ठरवलं. आता शंभर म्हणजे शंभर. प्रत्येक फील्डला मोजणीच्या बटणावर एक टिचकी, अशा अक्षरशः शंभर. दिसलं तर लिहायचं. नाही तर नाही.

दिवसभरात अकराच काचा झाल्या. डोळ्यांतून पाणी. मानेत लचक. पण एक गंमत. कितीतरी वर्षांनी मी खरंच बघत होते. पांढऱ्या पेशी, रंगाचे कण, धूळ, आणि मधूनच ती — निळी अंगठी, तांबडा खडा. समोर आली की ओळख पटतेच. डागाला अंगठी म्हणायला डोळा लागत नाही, मन लागतं.

माझे चार, कार्डाचे चार. आणि तेच चार!

२८ मे, मंगळवार

नऊ वर्षांची मुलगी. ताप, उलट्या. कार्ड नाही म्हणालं. मी शंभर बघितली, मग आणखी शंभर. नाही.

ओकेलो वैतागले. ‘तुम्हीपण नाही म्हणायला लागलात? मग आता मी काय देऊ, आशीर्वाद?’ पण नाही म्हटल्यावर त्यांना खुर्चीतून उठावं लागलं. पोरीला झोपवून डोकं उचललं तर मान ताठ, लाकडासारखी! मेंदूज्वर! लगेच मोटरसायकलवर आईच्या आणि स्वाराच्या मधे बसवून मोठ्या दवाखान्यात धाडली.

तर रिकामी काचही काही सांगते. ती म्हणते, इथे नाही, दुसरीकडे शोधा.

३० मे, गुरुवार

त्या मुलीचा निरोप आला. पाठीतलं पाणी तपासलं, मेंदूज्वरच होता. वेळेत पोचली. शुद्धीवर आहे, भात मागतेय.

आनंद झाला. आणि सकाळपासून काहीतरी बोचतंही आहे, काय ते सापडत नाही.

आज दुसरंच घडलं. कामोला किनाऱ्यावरची पेरुसी, मासळी वाळत घालणारी, पोट सातव्या महिन्याचं. थंडी वाजून दातावर दात आपटत होते. कार्ड — एक रेघ. नाही.

काच लावली. पहिल्याच फील्डमध्ये अंगठी! दुसऱ्यात दोन. पाचव्यापर्यंत मी मोजणं सोडून दिलं. एवढे किडे आणि कार्डाला दिसत नाहीत? दुसरं कार्ड फोडलं. पुन्हा एकच रेघ.

धावत ओकेलोंकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं — तसं मी माझ्या धाकट्याकडे बघते, जाळं चोरीला गेलं म्हणतो तेव्हा. ‘न्यार अलेगो, पुन्हा सुरू?’

‘तुम्ही स्वतः येऊन बघा.’

‘मी? मला त्या नळीत माझ्या पापण्याच दिसतात.’

ताप उतरायची गोळी देऊन पेरुसीला घरी पाठवलं. हुकूम म्हणजे हुकूम. ती मला म्हणाली, ‘काकू, काय आहे मला?’

जिला शंभर टक्के मलेरिया आहे तिला मी काय सांगितलं? ‘बघू.’

१ जून, शनिवार

आणखी दोन. दोघंही कामोलाचेच. कार्ड नाही म्हणतं, काचेवर अंगठ्याच अंगठ्या.

नेकेसाला फोन केला.  ती भराभर बोलली. ‘असं होऊ शकतं आई. कार्ड किड्याला बघतच नाही. किडा रक्तात एक प्रथिन सोडतो, त्याचा वास घेतं. एखादी जात ते सोडतच नसेल तर कार्ड आंधळं. तुम्ही म्हणता तसं असेल तर फार मोठी गोष्ट आहे!’

म्हटलं, मग सांग वरती.

 ‘आई… ते विचारतील, वाचलं कोणी. पहिल्या निकालात चोवीस जास्त सांगितले तेच केंद्र, तीच बाई. मशीनचा निकाल येईपर्यंत कोणी कार्ड थांबवणार नाही. सध्या घाईचे नमुने भरपूर आहेत. कामोलाचे रांगेत जातील, तीन आठवडे.’

पेरुसीकडे तीन आठवडे नाहीत. पोटातल्याकडे तर नाहीतच.

२ जून, रविवार

चर्चमध्ये पाद्री काय बोलले, एक शब्द आठवत नाही.

चर्चनंतर कामोलाला गेले. पेरुसी झोपडीत, दोन पांघरुणं घेऊन. डोळे पिवळे. तिची सासू म्हणाली, ‘तुमच्याच दवाखान्याने नाही म्हटलंय. मग कोणाची नजर लागली असेल.’

आमच्याच दवाखान्याने!

३ जून, सोमवार

आज चौथा. कामोला.

दिवसभर हाच विचार. काच खराब, डोळा म्हातारा असं धरलं तर मी आताही चुकतेय असंच सगळे म्हणणार, आणि त्यांचं काय चुकलं? मी आता खरी आहे हे सिद्ध करायचं तर एकच वाट. तेव्हा मी खोटी होते हे सांगायचं. चुकले नव्हते. जाणूनबुजून लिहिलं होतं.

चुकीला माफी असते. याला काय असतं? चार वर्षं उरली आहेत निवृत्तीला. चर्चमधल्या बायका, ओकेलो, तो दोन तास चालत आलेला म्हातारा. सगळ्यांना कळणार की न्यार अलेगो मनाला येईल ते लिहायची. आणि बाबांचं नाव! ते जाऊन सात वर्षं झाली. अजून त्यांच्या नावाने लोक शपथ घेतात. त्यांना मातीतून ओढून काढायचं?

मायेने केलं म्हणून ते खोटं नव्हतं का?

४ जून, मंगळवार

रजिस्टर काढून बसले. पहिल्या एकशे अठरा. माझी अधिकं एकाहत्तर. त्यांतली टिंबवाली मोजली.

पंचवीस!

एकाहत्तरातून पंचवीस गेले की शेहेचाळीस. मशीनचे सत्तेचाळीस.  म्हणजे मला दिसत होतं. तेव्हाही! फक्त एक निसटलं. माझा डोळा कार्डापेक्षा, किसुमूच्या त्या वाचणाऱ्यापेक्षाही खरा होता. आणि मीच त्याच्यावर चिखल फासला.

गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. नेकेसाला उद्या बोलावते.

५ जून, बुधवार

सांगितलं.

ओकेलो आणि नेकेसा दोघांना समोर बसवलं. लिहून नेलं होतं, वाचताच आलं नाही. रजिस्टर उघडून टिंबावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हे मी दिलेले. नव्हते. मला माहीत होतं की नव्हते.’

ओकेलो उडालेच. ‘म्हणजे इतकी वर्षं मी… तुम्ही अधिक लिहायचात आणि मी पुढचं बघायचंच सोडून द्यायचो!’ मग खाली बसले. म्हणाले, ‘मलाही तेच हवं असायचं. अधिक आलं की सुटलो.’ एवढा प्रामाणिक माणूस मी त्यांच्यात पहिल्यांदा पाहिला.

 मला वाटलं नेकेसा उठून जाणार. तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, फोनवर आपली यादी काढली, आणि एक एक आकडा लावायला लागली. टिंब — मशीन नाही. टिंब — नाही. टिंब — नाही. पंचवीसच्या पंचवीस! मग मान वर केली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. ‘आई, तुम्ही कधीच चुकत नव्हतात. तुम्ही खोटं बोलत होतात!’

‘हो.’

‘त्याहून बरं आहे हे!’ आणि स्वतःच्या बोलण्याने स्वतःच दचकली.

तिने तिथूनच वरच्या बाईंना फोन लावला. अर्धा तास बाहेर फेऱ्या मारत बोलत होती. त्या धावायच्या बुटांचा आज उपयोग झाला. आत आली ती हुकूम घेऊनच. कामोलाच्या चारही जणांना आजच औषध, आणि त्यांचे टीपकागद रांगेत सगळ्यांत पुढे. ओकेलो स्वतः मोटरसायकलवर बसून पेरुसीकडे गेले.

मी घरी आले आणि दारातच बसले.  हलकं वाटतं म्हणतात. मला तर नागवं वाटत होतं.

८ जून, शनिवार

पेरुसीचा ताप उतरला. पोटातलं लाथा मारतंय म्हणे.

१४ जून, शुक्रवार

मशीन बोललं. चौघांतही किडा आहे, आणि कार्डाला लागतं ते प्रथिन बनवायची खूणच त्याच्या बीजात नाही. कार्ड सात जन्म बघत बसलं असतं तरी रेघ उमटली नसती.

मायक्रोस्कोप राहणार. कार्डंही राहणार, पण कामोलाकडच्या प्रत्येकाची काच बघायचीच. कोण जिंकलं म्हणायचं? नेकेसा म्हणते, ‘तिघांपैकी कोणीच एकटं पुरत नाही, असं लिहिणार आहे मी.’

मलाही पत्र आलं. ताकीद. सहा महिने माझी प्रत्येक काच दुसरा कोणीतरी पुन्हा वाचणार. वाचू दे.

पेरुसीच्या सासूने पिशवीभर ओमेना, वाळवलेली बारीक मासळी, पाठवली. पहिल्यांदाच वाटलं की दिलेलं नाही, कमावलेलं खातेय.

ओकेलोंनी आज नळीत डोळा घातला. पाच मिनिटं. ‘दिसली का अंगठी?’ म्हटलं. ‘पापण्यांच्या पलीकडे काहीतरी आहे खरं,’ म्हणाले.

१७ जून, सोमवार

नेकेसाच्या वरच्या बाईंना आता हवंय की हा कार्डाला चकवणारा किडा इथे कधीपासून आहे. जुन्या काचा असतील तर पाठवा, रंगवलेल्या काचेवरूनही मशीनला बीज सापडतं. आणि जुनी रजिस्टरं.

काचा कुठल्या? सगळ्या साबणात गेल्या. गेल्या दोन-तीन वर्षांच्या तेवढ्या पेटीत आहेत. आणि एक आहे, चहाच्या डब्यात.

सांगितलं तिला नफ्तालीबद्दल. तिने माझा हात धरला. ‘नको असेल तर नका देऊ आई.’ म्हटलं, देते. मेल्यावर तरी कामाला येऊ दे त्याला! पण आधी एकदा मी बघणार. चौदा वर्षं वैरी डब्यात आहे, तोंड तर बघू दे. नोंदीचा नंबर लागेल, तो रजिस्टरात मिळेल. त्या सालचं रजिस्टर मी त्यानंतर कधी उघडलंच नाही. तीन महिने घरी होते, परत आले तेव्हा बाबांनी नवीन सुरू केलं होतं. जुनं कोठीत, वरच्या फळीवर. उद्या काढते.

१८ जून, मंगळवार

मिळालं. कडा वाळवीने खाल्ल्यात, मधलं शाबूत आहे. बाबांचं अक्षर.

७ मे २००५. नफ्ताली ओडेरो. पुरुष, वय ४१. एक अधिक. खाली टिंब.

माशीने घाण केली असेल म्हणून नखाने खरवडलं. शाई आहे.

काच लावली. शंभर फील्ड. दोनशे. तीनशे. एकही अंगठी नाही.

मान वळत नव्हती त्याची, त्या नऊ वर्षांच्या पोरीसारखी. कंदील बाहेर न्या म्हणत होता. आणि मी येईल त्याला सांगत होते, मलेरियाच आहे, काच वाचलीय.

मी दारात उभी होते ना. बाबांनी मलाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही.